कोरफड लाल का झाली?

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये मी पुण्याहून हर्णेला घरी आले, तेव्हा मागीलदारची कोरफड लाल झाली होती. पिवळी नाही, काळी नाही. जुन्या विटेसारखी लाल.

ती आजीची. तेलाच्या चौकोनी डब्यात लावलेली. कुणाचा हात भाजला की आजी तिचंच पान कापायची. आजी गेली, डबा मात्र जागचा हलला नाही.

"शेजारच्या काकू म्हणतात, घराला दृष्ट लागली," आई म्हणाली. "आधी वादळ, आता ही."

वादळ म्हणजे निसर्ग. ३ जूनला आलं तेव्हा मी पुण्यात अडकले होते. कित्येक दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "घर आहे. वाडी नाही." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी आले तेव्हा ते संध्याकाळी बंदरावर लिलावाला जायचे, ओटीवर बसायचे. मागीलदारी मात्र फिरकायचे नाहीत. मधे एक एजंट येऊन गेला होता. "आता समुद्र दिसतो, भाव चांगला येईल," असं म्हणाला म्हणे. बाबांनी त्याला होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

त्यांच्याशी काय बोलावं कळेना, म्हणून मी कोरफड हातात घेतली.

पुण्यातल्या खिडकीत मी दोन जेड प्लांट पाणी घालून घालून मारलेत. त्यामुळे माझं निदान तयार होतं: पावसात मुळं कुजली. डबा आडवा करून झाड बाहेर काढलं. मुळं घट्ट, फिकट पिवळी, वास नाही. मुळं कुजली असती तर पानं बुडाशी मऊ, पाणचट झाली असती. ही पातळ झाली होती, पण टणक होती. पानांच्या बेचक्यात पाहिलं. पिठ्या ढेकूण नव्हता. मग वाटलं, खारा वारा. पण मिठानं आधी टोकं करपतात. इथे टोकं थोडी वाळली होती, लाल मात्र अख्खं पान होतं.

काहीच पटेना, तेव्हा निदान माती तरी भुसभुशीत करू म्हणून किनाऱ्यावरून पिशवीभर पुळण आणली. डब्यात ओतणार तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"पुळण घालू नकोस. मीठ असतं तिच्यात. नदीची वाळू आण, नाहीतर चिऱ्याचा चुरा घाल."

बाबा पायरी उतरून आले. झाड हातात घेऊन त्यांनी फिरवलं. "डबा कसा ठेवला होता? ही बाजू कुठे होती?"

मी दाखवलं. घराकडची पानं अजून हिरवट होती. लाल होती ती फक्त पश्चिमेकडची. आम्ही दोघांनी पश्चिमेला पाहिलं. जिथे पोफळी होत्या तिथे नुसतं आभाळ होतं, आणि आभाळाखाली सुवर्णदुर्ग. माझ्या आख्ख्या आयुष्यात आमच्या मागीलदारातून तो किल्ला कधी दिसला नव्हता.

"सावली गेली तिची," बाबा म्हणाले.

इतकी वर्षं ही कोरफड पोफळीखालच्या कवडशांवर जगली होती. पाऊस सरला आणि दुपारचं सगळं ऊन तिच्यावर पडायला लागलं. अशा वेळी पान लाल रंगद्रव्य तयार करतं, आतला हिरवा भाग जळू नये म्हणून. म्हणजे तो रोग नव्हता. तिनं स्वतःच धरलेली छत्री होती.

पाण्याचा माझा संशय का चुकला, तेही रात्री वाचताना कळलं. कोरफड, पानफुटी यांसारखी झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा वापरतात. १८१५ साली बेंजामिन हाइन या भारतात राहणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. दिवसा दारं बंद, त्यामुळे पाणी उडत नाही. म्हणूनच दाराला उलटी टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन्‌महिने तग धरते. तिला माझ्याकडून पाणी नको होतं. सावली हवी होती.

उपाय साधाच होता. मातीची कुंडी, तळाला भोक; मातीत नदीची वाळू आणि चिऱ्याचा चुरा. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही, म्हणजे दुखावलेली मुळं सुकतात. नंतरही बोटभर खोल माती कोरडी झाली तरच. कुंडी पडवीत ठेवली, जिथे उजेड भरपूर आणि ऊन फक्त सकाळचं. एकदम अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. दीड-दोन महिन्यांत हिरवा रंग परतला, आधी मधल्या पानांवर, मग बाहेरच्या. वाळलेली टोकं तपकिरीच राहिली. मेलेला भाग हिरवा होत नाही.

पण त्याच्या कितीतरी आधी, कुंडी भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाबा कोयता घेऊन मागीलदारी गेले. पडलेल्या झावळ्या ओढून बाजूला करायला लागले. मी मदतीला गेले.

"पोफळ लावायची?" मी विचारलं.

"लगेच नाही. पोफळीचं रोपही असंच, उघड्या उन्हात करपतं. आधी केळी लावायच्या. केळीची सावली झाली की मग रोपं."

"आणि धरायला किती वर्षं?"

"पाच-सहा. जास्तही." त्यांनी कपाळ पुसलं आणि किल्ल्याकडे पाहिलं. "केळी वाढल्या की हा परत दिसायचा नाही."

पुढच्या महिन्यात एजंटचा फोन आला. बाबा म्हणाले, "केळी लावल्यात," आणि ठेवून दिला.