अर्जुननगरची वाट

देवचंद महाविद्यालयात जाणारा निपाणीचा विद्यार्थी रोज राज्य ओलांडतो. गाव कर्नाटकात, महाविद्यालय वेशीबाहेर अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. आम्ही सकाळी सायकलने परराज्यात शिकायला जात असू आणि दुपारी जेवायला स्वराज्यात परतत असू. यातले ‘पर’ कोणते आणि ‘स्व’ कोणते, याविषयी आमच्या वडीलधाऱ्यांचे मत अर्थातच उलटे होते.

१९५६ साली सीमारेषा पडली तेव्हा कोल्हापुरात विद्यापीठ नव्हते. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले, इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. सागरमाळावरच्या त्या विद्यापीठाने आपल्या शहराला काय दिले ते कोल्हापूरकर सांगतील. आम्हां सीमेवरच्यांना मात्र त्याने मायबोलीतून पदवीपर्यंत जाण्याची वाट दिली. माझ्या वर्गात तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांची मुले होती. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसे गेली. आमचे प्रा. सुभाष जोशी त्या लढ्यात अग्रभागी होते. मी शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी अभ्यासक्रमाबाहेरचे जे शिकलो, ते पुढे सरकारी फायलींवर सही करताना फार वेळा आठवले.

ती पदवी घेऊन मी कर्नाटक शासनाच्या सेवेत शिरलो. कन्नडची परीक्षा दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो.

बेळगावजवळ भूतरामनहट्टीला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. २०१० साली तेथे राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. त्यावरून माझी जीप किती वेळा गेली असेल! आत मात्र एकदाही वळलो नाही. कामच पडले नाही, असे मी सांगत असे. खरे कारण निराळे होते: ते आपले नव्हे, असे मनाने केव्हाच ठरवून टाकले होते. बेळगावची कितीतरी मराठी मुले तेथे शिकतात हे ठाऊक असूनही!

निवृत्तीनंतर पुतण्याच्या मुलीने अर्जुननगरहूनच पदवी घेतली आणि अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी तेथे अर्ज केला. “आबा, तुम्ही चला. तुम्हांला कन्नड येते,” म्हणाली. गेलो. खिडकीपाशी कारकुनाशी बोललो. माझ्या कन्नडला तो हसला नाही. कागदपत्रांत शिवाजी विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र हवे होते. पोरीने ते आधीच आणले होते. निपाणीहून बेळगावला, एकाच जिल्ह्यात शिकायला निघालेल्या मुलीचे स्थलांतर कोल्हापूरने शिक्क्यानिशी लिहून दिले होते. मी तो कागद दोनदा वाचला आणि खिडकीतून आत सरकवला.