तळण

दोस्तहो, अंकासाठी कविता मागितली होती. मी कोंबडी तळण्यावर लिहितोय. हसू नका. आपण भूक लिहिली, उष्टं लिहिलं, गावकीची शिळी भाकर लिहिली. चुलीवर काय रांधलं, कसं रांधलं, ते फार थोड्यांनी लिहिलं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं, तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांची चूल पुस्तकात आली. २०२४ साली ती इंग्रजीतही गेली. मी त्याच वाटेनं चार पावलं टाकतोय.

आमच्याकडं कोंबडं कापलं की त्याचा रस्साच व्हायचा. याला कारण चव नाही, हिशेब आहे. कोंबडं एक आणि खाणारी तोंडं नऊ. पाहुणा आला की दहा. माय पातेल्यात तांब्याभर पाणी ओतायची, मूठभर येसर सोडायची. रस्सा पुन्हा घट्ट, पुन्हा सगळ्यांना पुरेल एवढा. रस्सा वाढवता येतो. तळलेला तुकडा वाढवता येत नाही. तो मोजूनच असतो. आणि मोजायला बसलं की कोणाला तरी तुकडा येत नाही.

कोणाला, ते सांगायला नको. तंगड्या बापाच्या आणि पाहुण्याच्या ताटात. काळजावरनं पोरांची भांडणं. माय सगळ्यांच्या मागून बसायची. तिच्या वाट्याला मान, पाय आणि पातेल्याच्या बुडातला रस्सा. त्यात भाकर कुस्करायची आणि म्हणायची, "मला रस्साच गोड लागतो, बाबा." आमच्या वस्तीत सगळ्याच बायांना रस्सा गोड लागायचा. सगळ्याच बापांना तंगडी. देवानं जिभा अशा वाटून दिल्या असतील, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. तेल दहा रुपयाचं यायचं. बाटली घेऊन दुकानात जायचं, दुकानदार मापानं ओतायचा. ती बाटली आठवडाभर पुरवायची. फोडणीला बोटभर तेल, बाकी सगळं तिखटाच्या जोरावर. तेलानं काठोकाठ भरलेली कढई मी पहिल्यांदा बघितली ती १४ एप्रिलला, बुद्धविहारापुढं, वर्गणीच्या बुंदीसाठी. तेव्हा वाटलं होतं, एवढं तेल! यात आपल्या घराचं वर्ष निघंल.

मग आमच्याकडं कुरकुरीत काही नव्हतंच का? होतं. आजी चान्या करायची. मोठ्याचं मटण आणलं की त्यातलं काही ती लांब लांब पट्ट्यांत कापायची. मीठ-हळद लावायची. अंगणात दोरी बांधून त्यावर वाळत घालायची आणि काठी घेऊन कावळे हाकत बसायची. चैत्र-वैशाखाचं घनसावंगीकडचं ऊन म्हणजे काय सांगावं! दोन-तीन दिवसांत पट्टी लाकडासारखी व्हायची. मडक्यात भरून ठेवायची. पावसाळ्यात कामधंदा बंद, घरात कोरड्यास नाही, तेव्हा मडक्यातनं चार पट्ट्या निघायच्या. इंगळावर टाकल्या की त्यातल्याच चरबीवर त्या चुरचुरायच्या. वरनं कडक, दाताखाली फुटणाऱ्या. तेलाचा एक थेंब नाही. काम सगळं उन्हाचं आणि चरबीचं.

कुरकुरीतपणाचं सगळं शास्त्र त्यात आहे. वरचं पाणी गेलं की पदार्थ कडक होतो. आजी ते पाणी उन्हात घालवायची. तेलवाला तेलात घालवतो. एवढाच फरक.

चान्या आता आमच्या घरात नाहीत. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. मेलेलं ढोर ओढणं आणि खाणं आपल्या माणसांनी सोडलं ते बाबासाहेबांच्या सांगण्यावरनं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी तसं सांगितलं होतं. ते सोडणं आपलं होतं. अभिमानाचं होतं. दुसरं सोडणं वरनं आलं. गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. २०१५ साली तो कायदा बदलला आणि बैल, वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्यात नाही. पण भीतीला कायद्याचं कलम वाचता येत नाही. पिशवीत काय आहे, हे रस्त्यावर कोण विचारील आणि कसं विचारील, याचा नेम नाही. आजीनं दोरी सोडली आणि तिला कपडे वाळत घातले.

म्हणून आता कोंबडी. तीही गावरान नाही. ब्रॉयलर. सहा आठवड्यांच्या आत दोन किलोची होते आणि पिंजऱ्यात बसून दुकानात येते. तिला गावरानाची चव नाही, हे खरं. गावरान कोंबडं चिवट असतं, ते आधी उकडल्याशिवाय तळता येत नाही. ब्रॉयलरचं मांस कोवळं, तेलात लगेच शिजतं. शिवाय ती मजुराच्या हातात येते. पगाराच्या दिवशी दीड किलो घेतली तर माणशी दोन तुकडे येतात. आमच्या घराच्या इतिहासात हे नवीन आहे. मोजल्यावर सगळ्यांना पुरतं आणि वर उरतं.

जालन्यात रोलिंग मिलवर लागलो तेव्हा खोली शोधत होतो. एका घरी सगळं ठरलं, भाडं ठरलं. मग मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही लोक खाता का?" काय खाता, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं 'खाता का'. माणूस खाल्ल्याशिवाय जगतो का? पण हा प्रश्न कशाचा आहे, ते त्यांनाही ठाऊक, मलाही. आडनाव विचारायला आता लोक लाजतात, म्हणून जेवण विचारतात. मी म्हणालो, "खातो." खोली गेली. पुढं मिळाली ती एमआयडीसीच्या बाजूला, पत्र्याची. तिथं शेजारी बिहारचे, उत्तर प्रदेशचे, परतूर-मंठ्याकडचे. कोणी कोणाच्या कढईत डोकावत नाही. वास आला तर वाटी घेऊन येतात.

आता रीत सांगतो. एक किलोला प्रमाण धरा.

कोंबडी कातडीसकट मागा. दुकानदार सवयीनं सोलून देतो, त्याला आधीच थांबवा. गावाकडं आपण पिसं उपटून जाळावर भाजतो, कातडं कधी काढतो का? कातड्याखालची चरबी तळताना सुटते आणि कातडं कडक होतं. तुकडे मोठे ठेवा. तंगडीचे दोन, मांडीचे दोन, छातीचे चार, पंखांचे दोन. मोठ्या तुकड्यात आत ओल राहते.

तीन चहाचे चमचे मीठ, हळद, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण, दोन चमचे तिखट. हे तुकड्यांना चोळा आणि बुडतील एवढं आंबट ताक घाला. रात्रभर ठेवलं तर बेस, नाहीतर चार तास तरी. आंबट ताकानं मांस मऊ पडतं. आजीच्या काळी ताक वाड्यावर मागावं लागायचं आणि ते वरनं ओतायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. आता ते पिशवीत मिळतं. पिशवी जात विचारत नाही.

पीठ आपलंच. दोन वाट्या ज्वारीचं, एक वाटी तांदळाचं. रेशनचा तांदूळ गिरणीतनं दळून आणा, चालतो. गव्हाच्या पिठाला चिकटा असतो, ते तळल्यावर थोड्या वेळानं चिवट होतं. ज्वारीला तो चिकटा नाही. म्हणूनच भाकरीला गरम पाणी लागतं आणि म्हणूनच तिचं तळण खडखडीत होतं. पिठात मीठ आणि चमचाभर येसर घाला. तिखट जास्त नको, करपतं. त्याच पिठावर ताकाचे दोन-तीन चमचे शिंपडा आणि बोटांनी चोळा. बारीक गोळ्या होतील. त्या तुकड्याला चिकटल्या की वरनं खडबडीत होतं, आणि जेवढं खडबडीत तेवढं कुरकुरीत.

तुकडा ताकातनं काढा, निथळू द्या, पिठात दाबून घोळवा. पाव तास तसाच ठेवा. पीठ ओल धरतं, मग तेलात सुटत नाही.

लोखंडी कढई अर्धी भरा. तेल तापलं का, हे बघायला चिमूटभर पीठ टाका. बुडाशी बसलं तर कच्चं. लगेच वर येऊन तडतडलं तर झालं. काळं पडलं तर जास्त. अंशात सांगायचं तर १७० ते १७५. एका वेळी चारच तुकडे सोडा. जास्त सोडले की तेल गार पडतं आणि पीठ तेल पिऊन बसतं. मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. तडतड म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. आवाज बसत आला की समजा, वरचं पाणी संपलं. हाडाजवळ टोचून बघा, पाणी लाल आलं तर अजून वेळ आहे. काढून चाळणीवर दहा मिनिटं ठेवा. मग तेल जरा जास्त तापवून पुन्हा दोन मिनिटं तळा. आणि झाकू नका. झाकलं की वाफ कोंडते आणि सगळी मेहनत मऊ पडते. उरलेलं तेल गाळून ठेवा, दोन-तीन दिवसांच्या फोडण्या निघतात.

हे मला आचाऱ्यानं शिकवलं नाही. आच कशी वाचायची ते मिलनं शिकवलं. भट्टीतनं बिलेट निघतं तेव्हा ते ११०० ते १२०० अंश तापलेलं असतं. आम्ही रंगावरनं ओळखतो. रोलांतनं निघालेली लाल सळई पाण्याच्या फवाऱ्यातनं जाते. वरचा थर झटक्यात गार होऊन कडक होतो, आतला गाभा तापलेला राहतो. मग तो गाभाच वरच्या थराला हळूहळू ऊब देतो आणि त्याचा ठिसूळपणा जातो. वरनं कडक, आतनं लवचिक. जालन्याची सळई देशभर घरांच्या स्लॅबमध्ये जाते, ती अशी. कोंबडीचंही तसंच. फक्त तिथं पाणी मारावं लागतं आणि इथं काढावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, तळलेली कोंबडी तर अमेरिकेची, काचेच्या दुकानातली. अमेरिकेतल्या कोणाची, ते विचारा. १९७२ साली आपल्या पोरांनी ज्यांच्याकडं बघून पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या माणसांची. गुलामीत त्यांना गाय-बैल ठेवू देत नसत, पण कोंबड्या पुष्कळ ठिकाणी ठेवू देत. मालकाच्या स्वयंपाकघरात तळायला त्यांच्याच बाया. १९व्या शतकात व्हर्जिनिया राज्यातल्या गॉर्डन्सव्हिल या स्टेशनावर काळ्या बाया डोक्यावर तबकं घेऊन गाडीच्या खिडक्यांपाशी उभ्या राहायच्या आणि तळलेली कोंबडी विकायच्या. त्या कमाईवर संसार चालले, घरं उभी राहिली. सायकी विल्यम्स-फोर्सन या काळ्या बाईनं २००६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आणि गोऱ्यांनी काय केलं? १९१५ सालच्या 'बर्थ ऑफ अ नेशन' या सिनेमात काळा आमदार सभागृहात कोंबडी खाताना दाखवला. म्हणजे हे खाणारे, यांना राज्य काय कळणार! पुढं १९५२ साली एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या नावानं पहिलं परवान्याचं दुकान निघालं. १९९५ साली ते बंगळूरला आलं. खाणाऱ्याला हिणवायचं आणि त्याचंच खाणं पाटी लावून विकायचं. हे आपल्याला नवीन आहे का?

उद्या चान्याही कुठल्या तरी हॉटेलात बशीत येतील. नाव दुसरं असेल. दर पाचशे रुपये असेल. दोरीखाली कावळे हाकणाऱ्या बाईचा त्यावर उल्लेख नसेल. म्हणून लिहून ठेवतोय.

दिवाळीच्या सुट्टीत गावी कढई मीच ठेवली. घरात आता सहा माणसं. दहा तुकडे. पहिला घाणा निघाला तेव्हा मायीला म्हणलं, बस. ती उठून भाकरी टाकायला लागली. "तुमचं होऊ द्या आधी," म्हणाली. मी म्हणलं, "माय, यात रस्सा नाही. मागून बसलीस तर काहीच उरायचं नाही." ती बसली. तंगडी हातात धरून थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग खाल्ली. हाडापर्यंत. "मीठ जरा कमी हाय," एवढंच म्हणाली.

मीठ वर दिलंय तेवढंच घाला, किंवा तुमच्या मायीला विचारून घाला. आणि तुमच्या घरची वजडी, रक्ती, चान्या, सुकट, जे काही असेल, त्याची रीत करणारीच्या नावानिशी लिहून या पत्त्यावर पाठवा. अक्षर कसंही असू द्या. स्टेन्सिल मी कापतो.

जय भीम.