शीळ घालणारा मुलगा

सेवानिवृत्त शिक्षकाने प्रवासास निघावे ते काशीस किंवा रामेश्वरास. भर पावसाळ्यात पाखरांची छायाचित्रे काढण्यास सह्याद्रीत जावे हे काही वयास शोभत नाही, असे आमच्या मातोश्रींचे मत पडले आणि मलाही ते मनातून पटले होते. परंतु धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने हातभर लांब भिंगाचा कॅमेरा नुकताच घेतला होता, आणि तो म्हणाला, "काका, पक्ष्यांची संस्कृत नावे तुम्हाला इतकी ठाऊक आहेत, एकदा पक्षी तरी पाहा." त्याच्या त्या 'तरी'पुढे माझे काही चालेना. अमरकोशातील पक्ष्यांची नावे मी मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतली. पण त्यांतील किती पक्षी मी डोळ्यांनी ओळखीन, असे कोणी विचारले असते तर कावळा, चिमणी, मोर आणि भारद्वाज यांच्यापुढे माझी गाडी गेली नसती.

आमचा परभणी जिल्हा म्हणजे काळ्या मातीचा, ज्वारी-कापसाचा सपाट मुलूख. गोदावरी आणि पूर्णा ह्या नद्या आहेत, पण मेघराजाची मर्जी सांगता येत नाही. अशा ठिकाणी जन्म गेलेल्या मनुष्यास जुलै महिन्यातील आंबोली हे एक नवलच वाटते. कोल्हापूर आणि आजरा मागे टाकून घाटमाथ्यावर आलो, तो ढग रस्त्यावरच उतरलेले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि आमच्याकडे सात-आठ वर्षांत पडेल तेवढा पाऊस तेथे एका पावसाळ्यात पडतो. ह्या डोंगररांगेतील कित्येक जीव जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. म्हणूनच २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला.

हल्ली अशा गावांत पक्षी दाखविणे हा एक व्यवसायच झाला आहे. दिवसाचा मेहनताना ठरवून स्थानिक तरुण पाहुण्यांना रानात नेतात. आमचा वाटाड्या तिशीच्या आतला, बोलणे मोजके, पायांत प्लास्टिकचे बूट आणि खिशात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. पहिल्या दिवशी पहाटे, अजून फटफटलेही नव्हते, तोच एका ओढ्याकाठी त्याने मला हाताने थोपविले. "गुरुजी, जरा हंयसर उभे रवा."

पलीकडे कोणी मुलगा शीळ घालीत होता. शाळेत जाण्याचा कंटाळा आलेल्या, दप्तर हलवीत रमतगमत चाललेल्या पोराने घालावी तशी. सूर धड गाण्याचा नाही, पण गोड आणि निवांत. "इतक्या पहाटे पावसात हे कोणाचे पोर?" मी विचारले. वाटाड्या हसला. तो शीळकरी कस्तूर होता. उजाडल्यावर दगडावर बसलेला दिसला. काळसर निळा, कपाळावर आणि खांद्यांवर मोरपिशी झाक. इंग्रज लोक त्यास 'शीळ घालणारा शाळकरी मुलगा' असेच म्हणत, हे पुतण्याने सांगितले. ते ऐकून मला का कोण जाणे, बरे वाटले नाही.

कस्तूर पुन्हा दगडांआड गेला. पुतण्याने खिशातून मोबाइल काढला. त्यात ह्याच पक्ष्याची शीळ साठविलेली होती, ती वाजविली की पक्षी हमखास समोर येतो म्हणे. वाटाड्याने त्याच्या हातावर हात ठेवला. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत गातो. तीच शीळ दुसरीकडून आली की कोणी प्रतिस्पर्धी घुसला असे समजून तो खाणेपिणे आणि घरटे टाकून त्यास हुसकावण्यास धावतो. प्रतिस्पर्धी तर नसतोच. दिवसातून दहा पाहुण्यांनी दहादा ही थट्टा केली तर त्या जीवाने संसार कधी करावा?

दुसऱ्या दिवशी घाट उतरून दोडामार्गच्या बाजूस गेलो. पुतण्याचा जीव अडकला होता तो तिबोटी खंड्यात. हा पक्षी अवघा पाच इंचांचा. पाठ जांभळट तांबूस, पोट हळदीसारखे, चोच पोवळ्यासारखी, आणि पायास चाराऐवजी तीनच बोटे. पावसाळ्यात कोकणातील ओढ्यांच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून तो पिले वाढवितो. चोचीत सरडा किंवा खेकडा धरून बिळाशी आलेल्या खंड्याचे छायाचित्र म्हणजे ह्या छंदिष्टांची जणू पदवीच. पुतण्याने वाटाड्यास दोन हजार रुपये अधिक देऊ केले. बिळासमोर एक तास बसू द्यावे, एवढेच मागणे.

तो म्हणाला, "बीळ माका ठाऊक आसा. पण दाखवूचंय नाय." माणसे समोर बसली की आईबाप घास चोचीत घेऊन दूर फांदीवर ताटकळतात आणि आत पिले उपाशी राहतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांस त्रास देणे अंतर्भूत केले आहे, हे मला मागाहून कळले. त्यास मात्र कायद्याचा आधार घ्यावा लागला नाही. आम्ही ओढ्यापासून बरेच दूर, झाडाआड बसलो. दीड तासाने एक नारिंगी ठिणगी पाण्यावरून गेली. छायाचित्रात ती एक पुसट रेघ उमटली. पुतण्या दिवसभर माझ्याशीही बोलला नाही.

रात्री चुलीपाशी मी वाटाड्यास विचारले, "हे सारे कोठे शिकलास?" तो म्हणाला, आजोबा रानात फासे लावीत, पक्ष्यांचे हुबेहूब आवाज काढून त्यांना बोलावीत, तेच कान आपल्यास आले, फासे तेवढे टाकून दिले. आणि शाळा? शाळेत आपले कधी जमले नाही.

हे ऐकले आणि सकाळपासून टोचत होते ते काय, याचा उलगडा झाला.

१९८९ सालची गोष्ट. जिंतूर तालुक्यातील एका शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो. तैत्तिरीय हे नाव कसे पडले त्याची कथा रंगात आली होती : गुरूच्या कोपाने याज्ञवल्क्याने विद्या ओकून टाकली आणि इतर शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांचे रूप घेऊन ती टिपली. इतक्यात मागच्या बाकावरून तित्तिराचा खणखणीत आवाज उठला. वर्ग खदखदून हसला. आवाज काढणारा मुलगा पारध्यांच्या वस्तीतला होता. "गुरुजी, तित्तर असा बोलतंय," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, हे आज मला स्पष्ट दिसते. त्या वेळी मी त्यास छड्या मारून वर्गाबाहेर उभे केले. इंग्रजी अमदानीत अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता. तो १९५२ साली कागदावरून पुसला गेला, पण माझ्या मनाच्या कोपऱ्यात तो शिल्लक नव्हता असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आठवड्याभरात मुलाने शाळा सोडली. विद्या टिपणाऱ्या तित्तिरांची कथा सांगत असताना मी वर्गातला एकुलता एक तित्तिर हाकलून दिला, आणि मला मात्र तित्तिराचा आवाज तोवर ओळखताही येत नव्हता!

डॉक्टर सालिम अली यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञानेही स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामी बिहारातील मीरशिकार ह्या पिढीजात पक्षी धरणाऱ्यांचे साहाय्य घेतले होते. पक्षी इजा न होता हाती कसा यावा, ही विद्या त्यांच्यापाशी होती. मोठ्यांना तेथे गुरू दिसला. मला खोडकर पोर दिसले.

परतल्यावर मी जिंतूरकडे त्या गावी जाऊन आलो. वस्ती बारा वर्षांपूर्वीच उठून गेली होती. कोठे, ते कोणास सांगता आले नाही. तो मुलगा आता पन्नाशीच्या घरात असेल. ज्या ज्ञानास मी छडी दाखविली, त्याच ज्ञानासाठी आम्ही आंबोलीत रोजचे पैसे मोजले, एवढे त्यास सांगावयाचे होते, ते राहून गेले.

पुतण्याने ती नारिंगी रेघ चौकटीत बसवून बैठकीत लावली आहे. आलेगेलेले विचारतात, 'हे काय?' आणि तो न कंटाळता सारी हकीकत सांगतो. बीळ न दाखविणाऱ्या वाटाड्याची तर विशेष अभिमानाने. मातोश्रीही आता ती मन लावून ऐकतात.

ज्या घरांत हा अंक जाईल तेथे शिक्षक असतील, शाळकरी मुलेही असतील. वर्गात कोणी शीळ घातली तर शिक्षा अवश्य करावी. शिस्त ही शिस्तच. पण तत्पूर्वी ती शीळ कोणाची, एवढे त्या मुलास विचारावे.