कडेचं बी

आहेराची पाकिटं होती ती. पुण्याहून येताना मी गठ्ठाच आणला होता, इथल्या लग्नामुंजींना उपयोगी पडतील म्हणून. ह्यांनी त्यांत बिया भरून ठेवल्या. वर गणपती, कोपऱ्यात चिकटवलेला रुपया, खाली बॉलपेननं एकेक नाव. अळू. नीरफणस. डिंक. चौथ्या पाकिटावर काहीच नाही. हे गेल्यावर महिन्याभरानं गॅरेज आवरताना बुटांच्या खोक्यात सापडली.

आम्ही इलिनॉयमध्ये, शिकागोच्या पश्चिमेला राहतो. इथे कुठला अळू आणि कुठला नीरफणस! पाकिटांत होत्या सिल्फियम ह्या एकाच वंशातल्या भावंडांच्या बिया. प्रेअरीत, म्हणजे इथल्या गवताळ माळावर, उन्हाळा सरत आला की ही सगळी पिवळी फुलतात आणि त्यांतली बरीचशी माणसापेक्षा उंच होतात. इंग्रजी नावं ह्यांना तोंडपाठ होती, पण रत्नागिरीच्या माणसाला पान दिसलं की परसातलं झाड आठवायचं. कंपास प्लांटची पानं मधल्या शिरेपर्यंत चिरलेली, म्हणून तो नीरफणस. ही पानं उत्तर-दक्षिण धार धरून उभी राहतात, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. प्रेअरी डॉकची पानं जमिनीलगत, सुपाएवढी, म्हणून अळू. फक्त हाताला खरखरीत, आणि भर उन्हातही गार. मला एकदा गाल टेकवायला लावला होता. मी टेकवला, आणि कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

मला सगळी सूर्यफुलंच वाटायची. तसं म्हटलं त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी दोन वाळलेली फुलं ठेवली आणि नखानं उकलायला सुरुवात केली. "हे बघ, सूर्यफुलाचं बी मधे भरतं, पाकळ्या नुसत्या शोभेच्या. आणि ह्याचं? मधे फोल. बी कडेला, पाकळीच्या बुडाशी." खरंच होतं ते. मधला भाग भुशासारखा हातात आला आणि कडेला चपटं, पातळ कागदी पंखांचं, टोकाला खाच असलेलं बी. "कळलं?" मी म्हटलं, "कळलं, आता वर्तमानपत्र उचला, आमटी निवतेय."

दर शनिवारी सकाळी ते माळ राखणाऱ्या गटाबरोबर माळावर जायचे. तण उपटायचं, शरदात बी गोळा करायचं, वसंतात ठरवून आग लावायची. ह्या राज्याला प्रेअरी स्टेट म्हणतात. एके काळी सुमारे दोन कोटी वीस लाख एकर माळ होता. १८३७मध्ये जॉन डिअरनं इथेच, ग्रँड डिटूरला, पोलादी नांगर घडवला आणि ती चिवट काळी माती उलटायला लागली. आता मूळचा चांगला माळ एका टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा नाही. जो आहे तो रेल्वेच्या कडेला, जुन्या कबरस्तानांच्या कोपऱ्यात. ह्यांच्या उशाशी आल्डो लिओपोल्डचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' असायचं. १९४९चं पुस्तक, लेखक आदल्याच वर्षी शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना गेलेला. विस्कॉन्सिनमधल्या एका कबरस्तानाच्या कोपऱ्यात उरलेलं सिल्फियम रस्त्याच्या कामगारांनी कापून टाकलं, ते पान हे दर जुलैत मला वाचून दाखवायचे. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. म्हणजे ऐकायची असं आता म्हणायचं.

फिरायला मात्र जायची. एकदा पाऊस पडून गेला होता. एका झाडाची समोरासमोरची पानं देठाभोवती जुळून त्यांचा द्रोण झाला होता, त्यात पाणी, आणि काठावर बसून एक गोल्डफिंच, चिमुकला पिवळा पक्षी, चोच बुडवत होता. मी म्हटलं, "हे मात्र छान आहे हो." ते म्हणाले, "कप प्लांट. पण लबाड आहे. लहान माळावर माजतं, दुसऱ्यांना उठू देत नाही." त्याच शरदात त्यांच्या गटानं बी गळायच्या आत त्याची सगळी बोंडं कापून पोत्यांत भरली. त्या रात्री ते जेवताना गप्पच होते. थकले असतील, असं मी धरून चालले.

नाव घातलेली तीन पाकिटं मी त्यांच्या गटाला देऊन टाकली. चौथं कुणाला द्यायचं? हातावर बिया ओतून पाहिल्या. चपट्या, पंखांच्या, खाचेच्या. चारी भावंडांच्या अशाच. माझ्या डोळ्यांना तरी फरक कळेना. विचारायचं ज्यांना ते नाहीत. नोव्हेंबरात दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन मधोमध कापले, माती भरली, बिया पेरून अंगणात ठेवून दिले. थंडी खाल्ल्याशिवाय हे बी रुजत नाही, एवढं कानावर पडलेलं होतं.

पहिल्या वर्षी नुसती बाळपानं आली, त्यांवरून मला काहीच सांगता येईना. दुसऱ्या वर्षी पानं मोठी झाली, पण चिरली नाहीत, म्हणजे नीरफणस नव्हे. सुपाएवढी काही झाली नाहीत. भर दुपारी गाल टेकवून पाहिला, तर गारही नव्हती. अळू गेला. उरले दोघं, तिसऱ्या पाकिटावरचा डिंक आणि द्रोणवाला कप प्लांट. डिंकाचीही पानं समोरासमोरच, पण देठाभोवती जुळत नाहीत, द्रोण होत नाही. आणि त्याचा देठ गोल.

यंदा, तिसऱ्या वर्षी, जूनमध्ये देठ वर आला. सकाळी चहाचा कप कट्ट्यावर ठेवून मी खाली बसले आणि देठ चिमटीत धरून बोटं फिरवली. सरळ फिरली नाहीत, कडांना अडली. चौकोनी आहे.