हंड्यांचा काय दोष?

आमच्या घरात एक गोष्ट पक्की ठरलेली होती : अम्मीच्या पोटाचं दुखणं तिच्याच चुकीनं आलं. १९९८ साली तिची गर्भपिशवी काढली. "सव्वा महिना ओझं उचलायचं नाही," असं फुफूनं बजावलं होतं. पण नळाला पाणी यायचं पहाटे चारला. अब्बा रात्रपाळीला, आम्ही भावंडं झोपलेली. पंधराव्या दिवशीच अम्मीनं हंडे उचलले. पुढे पोट दुखलं की सगळे तेच काढायचे. आम्हीही.

२०११ मध्ये पोट फुगलं, उलट्या थांबेनात. मिरजेला नेलं. आतडं चिकटून अडलं होतं. ऑपरेशननंतर आम्ही हंड्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ओझ्यानं हर्निया होईल. आतडं त्यानं चिकटत नाही."

मग त्यांनी समजावलं. पोटाच्या आत आणि आतड्यांवर पातळ, गुळगुळीत आवरण असतं. ऑपरेशनमध्ये ते दुखावतं आणि जखमेवर फायब्रिनचं चिकट जाळं बसतं. एरवी शरीर ते काही दिवसांत विरघळवतं. पण रक्तपुरवठा तुटलेल्या जागी प्राणवायू कमी पडतो. मग तिथल्या पेशी प्राणवायूविना नुसती साखर मोडून ऊर्जा मिळवतात. धावताना आपले स्नायू करतात तसंच. त्यात लॅक्टिक आम्ल साठतं. पेशींचा कारभारच बदलतो : जाळं विरघळवण्याचं काम मंदावतं, कोलॅजेनचे धागे मात्र जास्त विणले जातात. जाळ्याचा पक्का पट्टा बनतो.

पुढे आम्ही वाचलं. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. या चिकटण्याशी संबंधित, किंवा संबंध असू शकेल अशा कारणांनी सुमारे एक तृतीयांश रुग्ण पुन्हा दाखल झाले होते. त्या सगळ्यांनी काय हंडे उचलले होते?

चिकटलेलं सोडवताना नवी जखम होते, म्हणून धास्ती अजून आहेच. पेशींच्या या चयापचयालाच आवर घालता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

डॉक्टरांचं बोलणं आम्ही अम्मीला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बेटा, तेरा वर्षं मी त्या हंड्यांची तौबा करतेय."

तौबा आम्ही करायला हवी होती. त्या पहाटे आम्ही झोपलो होतो.