पाणी राखून ठेवू नये

पाट्या वाचण्याचा मला फार जुना नाद आहे. इतरांना पाटीवरचा मजकूर दिसतो, मला आधी क्रियापद दिसते. वीस वर्षे मराठी शिकवल्यावर दुसरे काय होणार? ‘येथे थुंकू नये’, ‘फुले तोडू नयेत’, ‘चपला बाहेर काढाव्यात’. आपला सारा नागरिक व्यवहार असा विध्यर्थावर चाललेला असतो. आज्ञार्थ दरडावतो, विध्यर्थ समजुतीने सांगतो. शिवाय या विध्यर्थाची एक मौज अशी, की कर्तव्य आणि इच्छा या दोघांना तो एकाच रूपात बसवतो. ‘मुलांनी अभ्यास करावा’ हे कर्तव्य आणि ‘आज पाऊस पडावा’ ही इच्छा. कोणते कोणते, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचे.

गेल्या वर्षी चैत्रात मला नियमांचा एक भला मोठा गठ्ठा मराठीत आणावा लागला, तो एका वाळवंटासाठी. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, घेऊन गेले होते. समुद्र, पूल, मोठाली दुकाने असे सगळे दाखवून झाले. अण्णांनी सगळे पाहिले आणि ‘छान आहे’ म्हटले. मग एका संध्याकाळी नकाशावर बोट ठेवून विचारले, “इथं पाऊस किती पडतो रे?”

ते बोट होते डेथ व्हॅलीवर. मृत्युदरी! धाकट्याने सांगितले, “वर्षाला दोन इंच.”

“दोन?” अण्णांचे डोळे चमकले. “मग बघायलाच हवं.”

यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. अण्णा मूळचे माणदेशातले. त्यांच्या लहानपणी वीस इंच पाऊस झाला तर ते सुगीचे वर्ष. पुण्यात सरकारी कचेरीत चाळीस वर्षे कारकुनी केली, तरी माणसाची ओळख त्याच्या गावच्या पावसावरूनच ठरते असे त्यांचे मत. दोन इंचांत जगणारा मुलूख त्यांना भाऊबंदांचा वाटला असावा.

हे राष्ट्रीय उद्यान कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर आहे. १९३३ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र सुमारे चौतीस लाख एकर, म्हणजे आमच्या सबंध सातारा जिल्ह्याहून मोठे. १० जुलै १९१३ रोजी येथे १३४ अंश फॅरनहाइट, आपल्या हिशेबाने ५६.७ अंश सेल्सिअस, तापमान नोंदवले गेले. जगातील सर्वांत अधिक तापमान म्हणून तोच आकडा आजही धरला जातो. बॅडवॉटर नावाचे मिठाचे मैदान समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, आणि त्याच दरीच्या काठावरचे टेलिस्कोप शिखर अकरा हजार फुटांवर. खाली अंग भाजावे आणि वर पाहावे तर बर्फ!

आता राहायचे कुठे? आपल्याकडे प्रवास म्हटला की धर्मशाळा, लॉज नाहीतर मावसबहीण. तेथे हॉटेले आहेत, पण धाकट्याने तंबू ठोकायचे ठरवले. तंबूंच्या जागांतही तऱ्हा अनेक. फर्नेस क्रीकचा तळ समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली, नळ आणि संडास यांची सोय असलेला. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेथली जागा आधी राखून ठेवावी लागते. उन्हाळ्यात मात्र तेथे राहायला माणूस मिळण्याची पंचाईत. सनसेट आणि टेक्सास स्प्रिंग्ज हे शेजारचे तळ तर उन्हाळ्यात बंदच असतात. उत्तरेला मेस्किट स्प्रिंग, साधारण अठराशे फुटांवर. एमिग्रंट हा लहानसा तळ फक्त तंबूवाल्यांचा. वाइल्डरोज चार हजार फुटांवर. आणि महॉगनी फ्लॅट तर आठ हजार फुटांवर. तेथे पोहोचायला उंच, दणकट गाडी हवी आणि हिवाळ्यात तो रस्ता बर्फाने बंद होतो. एकाच उद्यानात माथेरानच्या तिप्पट उंचीची थंडी आणि भट्टीचा तळ! यात्रेकरूने ऋतू पाहून उंची निवडावी, एवढेच त्यातले शास्त्र.

निघण्यापूर्वी दोन रात्री मी नियमांचे मराठी करून अण्णांना वाचून दाखवले. एका जागेत आठांपेक्षा अधिक माणसे आणि दोनांपेक्षा अधिक गाड्या असू नयेत. रात्री दहानंतर गलका करू नये. विस्तव फक्त नेमून दिलेल्या लोखंडी कड्यातच करावा. तळाबाहेरच्या रानात तर करूच नये. सरपण गोळा करू नये. दगड, फूल, जुनी वस्तू काहीही उचलून आणू नये. कोयोट नावाच्या कोल्ह्याच्या भाऊबंदाला खायला घालू नये. कुत्रे पायवाटेवर नेऊ नये. गाडी रस्ता सोडून चालवू नये. मऊ मातीवर उमटलेला चाकाचा माग वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले, त्यांना झोप लागली. मी पुढे वाचले, “तळ सोडून रानात उतरायचे तर डांबरी रस्त्यापासून मैलभर आत जावे. मात्र पाणवठ्यापासून शंभर यार्डांच्या आत तंबू ठोकू नये.”

अण्णांनी डोळे उघडले. “शहाणा आहे हो लिहिणारा. रात्री पाण्याची पाळी जनावरांची. आपण तिथं बसलो तर ती तहानलेली परत जातात. आमच्या गावात हे कुणी लिहिलं नव्हतं, पण विहिरीवर रात्री कुणी झोपत नसे.”

कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये, हाही नियम त्यांना तितकाच पटला. “कोरड्या ओढ्याचा भरवसा धरू नये,” ते म्हणाले. ५ ऑगस्ट २०२२ रोजी या वाळवंटात एका सकाळी दीड इंचाच्या आसपास पाऊस झाला, रस्ते वाहून गेले आणि सुमारे हजार माणसे अडकून पडली, हे धाकट्याने सांगितले. दोन इंचांतला दीड इंच एका दिवशी! अण्णांनी नुसती मान हलवली. अवर्षणाच्या मुलुखात पाऊस आला तरी तो असाच येतो, हे त्यांना नवे नव्हते.

एका नियमाशी मात्र त्यांचे जमेना. माणशी रोज निदान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, पाणी प्यावे. आणि त्यापुढे: तहान लागण्याची वाट पाहू नये, पाणी राखून ठेवू नये.

“हे कुणी लिहिलं?” अण्णा म्हणाले. “पाणी राखायचं नाही तर काय राखायचं?”

अण्णा फुलपात्रभर पाणी घेतात आणि अर्धे पिऊन उरलेल्यावर झाकण ठेवतात. आमच्या जन्मापासून ते झाकलेले अर्धे फुलपात्र आम्ही पाहत आलो आहोत. आई होती तोवर ती हसत असे. आम्ही त्याला अण्णांचा ‘फिक्स डिपॉझिट’ म्हणत असू.

पहिला दिवस फार सुखाचा गेला. चैत्रातले ऊन आपल्या सोलापूरसारखे, फक्त कोरडे. घाम येतो आणि आल्याआल्याच उडून जातो, त्यामुळे अंगातले पाणी जात आहे हे कळतच नाही. पाणी पिण्याच्या नियमाचे मर्म येथेच आहे. रात्री तंबूबाहेर खुर्च्या टाकून बसलो. या उद्यानाला २०१३ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अंधार जपल्याबद्दल मान मिळतो ही कल्पनाच मला फार आवडली! अण्णांनी सप्तर्षी ओळखले आणि लहान मुलासारखे खूश झाले.

याच फर्नेस क्रीकला टिंबिशा शोशोनी या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. १८४९ च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात निघालेले लोक येथे वाट चुकले, आणि सुटल्यावर त्यांनी या दरीला हे भयंकर नाव दिले, अशी हकिगत सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्यांची ही मायभूमी. २००० साली कायदा होऊन त्यांना काही हजार एकर जमीन परत मिळाली. अण्णा म्हणाले, “आमच्या तालुक्यालाही बाहेरचे ‘दुष्काळी’च म्हणतात. आम्ही घर म्हणतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहायला गेलो. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर या सखल भागात चालू नये असे सांगतात. जुलै २०२४ मध्ये याच वाळूत एका प्रवाशाच्या पायातल्या सपाता हरवल्या आणि तळव्यांची कातडी भाजून निघाली. हवा इतकी तापली होती की त्याला न्यायला हेलिकॉप्टर तेथे उतरू शकले नाही. आम्ही चैत्रातही तो दहाचा दंडक पाळायचे ठरवले होते आणि त्याप्रमाणे परत फिरलो. प्रत्येकाच्या हाती स्वतःची बाटली होती.

गाडी दोनशे पावलांवर दिसत असताना अण्णा थांबले. मी म्हटले, “अण्णा, चला ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण ओळख नसल्यासारखे. मग त्यांनी काहीतरी विचारले आणि ते वाक्य अर्ध्यावर राहिले. त्यांचा हात हातात घेतला तर कोरडा आणि गरम. बाटली पाहिली. काठोकाठच म्हणायची, दोन घोटही कमी झाले नव्हते.

ती दोनशे पावले आम्ही दोघांनी त्यांना कसे नेले हे मला नीट आठवत नाही. गाडीच्या गारव्यात त्यांना बसवले, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने दिले. धाकट्याच्या हातातला चमचा कापत होता. वीसेक मिनिटांनी अण्णा म्हणाले, “पोरांनो, किती वाजले?” त्या क्षणी मराठीत याहून सुंदर वाक्य नाही असे मला वाटले. तडक जाऊन उद्यानातल्या माणसांना दाखवले. त्यांनी तपासले आणि दिवसभर सावलीत राहण्यास सांगितले.

संध्याकाळी तंबूच्या सावलीत अण्णा आपण होऊन बोलू लागले. बाहत्तरचा दुष्काळ त्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला होता: मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडण्याचे काम. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याबद्दल ते कधी बोलले नव्हते.

“आई माझ्या शेजारीच खडी फोडायची,” ते म्हणाले. “टँकर दुपारी यायचा. तिच्या वाटणीचं पाणी ती बिंदगीत ओतून वर फडकं बांधायची. घरी दोन धाकटी होती ना. मी म्हणायचो, पी. ती म्हणायची, मला तहान नाही. एक दिवस बसली ती तिथंच आडवी झाली. उठली नाही. बिंदगी शेजारी तशीच होती. भरलेली.”

आम्ही कोणीच काही बोललो नाही. पन्नास वर्षे ज्या फुलपात्राला आम्ही हसत होतो, त्याच्यावरचे झाकण त्या दिवशी प्रथमच निघाले.

“ते काय लिहिलंय? पुन्हा वाच,” अण्णा म्हणाले.

मी वाचले: “तहान लागण्याची वाट पाहू नये. पाणी राखून ठेवू नये.”

“बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले. “तिला कुणी सांगायला हवं होतं.” आणि थोड्या वेळाने, “मी सांगत होतो की.”

हा विध्यर्थ मी वर्गात कर्तव्याचा म्हणून शिकवला असता. पण जो माणूस असला नियम लिहितो त्याने कधीतरी कोणाची भरलेली बाटली पाहिली असली पाहिजे. ‘करू नये’ असे तो लिहितो, पण त्याच्या मनात असते, ‘हा जगावा’. रुक्ष वाटणाऱ्या किती नियमांच्या पोटात अशी इच्छा दडलेली असेल, कोण जाणे!

तिसऱ्या दिवशी उजाडतानाच तंबू उतरवला. आपला कचरा आपणच भरून घेतला. जास्तीच्या पाण्याचे डबे गाडीत मागे तसेच ठेवले. वाटेत गाडी बंद पडली तर तेच उपयोगी पडतात. हे राखणे मात्र नियमात बसते, हे मी अण्णांना मुद्दाम सांगितले. ते काही बोलले नाहीत. गाडी सुरू होण्यापूर्वी त्यांनी आपली बाटली उघडली, सावकाश, घोटाघोटाने शेवटपर्यंत प्यायली, आणि दूध संपवलेले मूल पेला दाखवते तशी ती उलटी करून आम्हा दोघांना दाखवली.