तिगावची बंडी, मोहावीची वाळू

मार्च २०१९. आई पहिल्यांदाच आमच्याकडे कॅलिफोर्नियाला आली होती. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. गावचं घर विकून तिनं कायमचं इथंच राहावं, असं माझं म्हणणं होतं. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. शाळेला सुट्टी लागली तशी आम्ही आरव्ही भाड्यानं घेतली आणि मोहावीच्या वाळवंटाकडे निघालो.

आईनं गाडी आतून नीट पाहिली. पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी. मग म्हणाली, "हे तं बंडीच हाय रे बाबू. फक्त बैल दिसत नाहीत."

आमचं गाव तिगाव. नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर, पांढुर्ण्याजवळ. राज्य मध्य प्रदेश, पण घरात मराठीच. आईच्या लहानपणी महादेवाच्या यात्रेला पचमढीकडे लोक बैलबंडीनं जायचे. पीठ, डाळ, भांडी, बैलांसाठी कडबा, सगळं बंडीत. रात्री बंडीखालीच झोपायचं. हे मी लहानपणी कितीदा ऐकलं होतं. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीनं मात्र कानातले हेडफोन काढून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बेकर या गावाशी आम्ही मोठा हायवे सोडला आणि केलबेकर रोड धरला. केल्सोपर्यंत सुमारे ५५ किलोमीटर. वाटेत दुकान नाही, पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. काळा लाव्हा, थंड झालेल्या ज्वालामुखींच्या टेकड्या आणि हात वर करून उभी असल्यासारखी जोशुआची झाडं. हा सगळा भाग १९९४ पासून संरक्षित आहे.

आणि मग एकदम केल्सोचं स्टेशन. १९२४ सालची देखणी इमारत, समोर ताडाची झाडं. एवढ्या रानात स्टेशन कशाला? तर पुढे सीमापर्यंतचा मोठा चढ आहे. वाफेच्या इंजिनांना इथं पाणी लागायचं आणि चढासाठी जादा इंजिन जोडावं लागायचं. आई लगेच म्हणाली, "आपल्या तिगावसारखंच. पुढं चिचोंड्याचा घाट नाही का?" लेकीला घाट म्हणजे काय, जड मालगाडीला मागून इंजिन कसं लावतात, हे तिनं हातवारे करून समजावलं. मी मध्ये भाषांतर करायला गेलो, तर दोघींनी मला गप्प केलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केल्सोत जवळजवळ २,००० माणसं राहत होती. जवळ लोखंडाची खाण होती. पुढे खाण बंद पडली, डिझेल इंजिनं आली, पाण्याची गरज संपली आणि गाव रिकामं झालं. गाड्या अजून जातात, थांबत नाहीत. आई बंद घरांकडे बराच वेळ पाहत राहिली.

तिथून जवळच केल्सोच्या वाळूच्या टेकड्या आहेत, सुमारे २०० मीटर उंच. वाळू घसरली की त्या घुमतात. तिकडे जाणारा पाच-एक किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई होती. मी ते वाचलं होतं, तरीही गाडी घातली. वळवताना मागचं चाक कडेच्या वाळूत रुतलं. गॅस दिला तसं आणखी खोल गेलं.

चालत मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन मदत आणतो, असं म्हणून मी निघालो. आई म्हणाली, "काहून? बंडी सोडून जायचं नसते. पाणी इथं हाय, सावली इथं हाय." वाळवंटात फिरणाऱ्यांना अधिकारीही हेच सांगतात: गाडीपाशी थांबा. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

पावसात बंडी फसली की चाकाखाली पऱ्हाट्या टाकतात. इथं झाड तोडायला बंदी, म्हणून आम्ही पायपुसणी टाकली. लेक आणि आजी ताटांनी वाळू उपसत होत्या. दोन तासांनी एक पिकअप आला, त्यानं दोर लावला आणि गाडी निघाली. मग आईनं शेगडी पेटवून सगळ्यांना चहा दिला, पिकअपवाल्यालाही.

रात्री बाहेर खुर्च्या टाकून आभाळ पाहत बसलो होतो. आई म्हणाली, "सहा महिने इथं येत जाईन. पण घर विकू नको. आपण थांबलो नाही, तं तिथंही नुसत्या गाड्याच जातीन."

घर विकलं नाही. पुढं २०२३ मध्ये पांढुर्णा–सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, ती बातमी आईनंच फोनवर सांगितली, मला नव्हे, नातीला.

तुम्ही जाणार असाल तर उन्हाळा टाळा. माणशी रोज चार लिटर पाणी घ्या, टाकी भरून निघा, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि मोठी गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. आणि आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत घ्या. पुढच्या सीटवर बसवा.